फोटोखालचा कागद

कुंदा, तुझ्या लेकीशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तू असतीस तर आम्हां दोघींच्या हातात चहा देऊन मजा बघत बसली असतीस. पण तुला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि तुझ्या घरात चहा कुणी करायचा इथपासूनच सगळ्यांची पंचाईत आहे. शेवटी मीच केला. तुझ्या स्वयंपाकघरात मला डोळे मिटूनसुद्धा साखर सापडते. आणि भांडताना हाताला काहीतरी काम असलं की जीभ जरा ताब्यात राहते, हेही तुझ्याकडे बघूनच शिकलेय.

भांडण तुझ्यावरूनच. गौरी विनायकरावांना बंगळुरूला घेऊन जातेय, निदान काही महिने तरी. जाताना त्यांच्याबरोबर तुझा एक अल्बम द्यायचा असं तिनं ठरवलं, आणि तो मी करून द्यावा म्हणून गळ घातली. "बाबा मोबाइलवर फोटो बघत नाहीत मावशी. दिवसभर मी ऑफिसात असणार. त्यांना हातात धरायला आईचं काहीतरी हवं." इथवर आमचं एकमत होतं. मग तिनं आतून एक मोठा खोका आणला आणि माझ्यासमोर उघडला. आत तयार कापलेली फुलं, फुलपाखरं, चमकीची अक्षरं, लेससारख्या नाजूक महिरपी, आणि वर जाडजूड परदेशी कागदाचा एक गठ्ठा. सगळं ऑनलाइन मागवलेलं. वस्तू सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू? बाजारात दिसल्या असत्या तर तू आणि मी दहा मिनिटं त्यांच्यावरून हात फिरवला असता आणि परत ठेवून घरी आलो असतो.

मी खोका बंद केला. "हे नको," म्हटलं. "तुझ्या आईनं कापलेले सुटे तुकडे ट्रंकभर पडलेत. मशीन आहे. आपण तिच्या पद्धतीनं करू."

"आईची पद्धत म्हणजे जुन्या लग्नपत्रिका," गौरी म्हणाली. "मावशी, प्लीज. जन्मभर तिनं स्वतःसाठी कोरं काही घेतलं नाही. आता तरी तिच्या वाट्याला दुसऱ्याच्या लग्नाची रद्दी नको."

रद्दी! मी कपबशी जरा जोरातच ठेवली. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गांना चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई मी. आवाज चढायला कितीसा वेळ लागतो? म्हटलं, "त्या चमकीतून जी बाई तयार होईल ती कुंदा नसेल. दुकानातली कुणीतरी असेल. विनायकराव तिला ओळखणार नाहीत." गौरी उठून आत गेली. दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखं लावलं. ती तुझ्याचसारखी लावते दार.

आता तुला सांगते, मी का एवढी चिडले ते. निवृत्तीनंतर मी काय होते ते इंदिरानगरात फक्त तुला माहीत आहे. सकाळी पेपर घेऊन बसायचे ती दुपारी जेवणाच्या वेळी पेपरावरून उठायचे. माणसांशी बोलणं म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस, एवढंच उरलं होतं. तेव्हा तू समोरच्या दारातून आलीस, काखेत पत्रिकांचा हा एवढा गठ्ठा. "मास्तरीणबाई, तुमचा हात सरळ चालतो. एवढी पानं कापून द्या." ओळख म्हणशील तर जिन्यावर हसण्यापुरती. पत्रिका कशाला कापायच्या, तर शाळेच्या स्नेहसंमेलनाला तोरण करायचं होतं म्हणे. मी कापून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस. तिसऱ्या दिवशी मीच कात्री घेऊन तुझ्याकडे आले. ते तोरण कुठल्या शाळेला गेलं, मी कधी विचारलं नाही. पुढे मला दाट संशय आला की शाळा वगैरे काही नव्हतीच. तेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "लय नको खोलात शिरू." आणि आभार मानले असते तर चार दिवस हसली असतीस. म्हणून राहिले. आज मानते, हवं तेवढं हस.

मशीन आपण अर्ध्या-अर्ध्या भागीत घेतलं, गंगापूर रोडच्या एका हौशी बाईंचा त्यातला रस संपला म्हणून. ते घरात आलं तेव्हा विनायकरावांनी दांडा फिरवून बघितला आणि म्हणाले, "अगं, हा उसाचा चरकच आणला की तुम्ही!" खरंच तसंच होतं ते. दोन रूळ, त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या दोन पाट्या, पाट्यांच्या मध्ये कागद आणि कागदावर डाय, म्हणजे धारेची पोलादी आकृती. दांडा फिरवायचा, कड्कड् आवाज करत सगळं पलीकडून बाहेर येतं आणि कागदाचं पान कापून हातात पडतं. त्या बाईंकडे डायची पेटीच्या पेटी होती. मला सगळ्या हव्या होत्या. तू एकच घेतलीस, साध्या पानाची, लहान-मोठ्या तीन मापांत. मी तुला चिक्कू म्हटलं. तू म्हणालीस, "बदकाचा डाय घेतला तर बदकच निघंल. पानाचं काय वाट्टेल ते होतं." आणि केलंस की! पाच पानं गोल लावली की फूल, दुमडून उभं केलं की समईची ज्योत, एकाखाली एक लावली की मोराचा पिसारा, उलटी लावली की केळीचा घड. एवढ्या वर्षांत तुझी ती पानं संपली नाहीत आणि लोकांना कळलंही नाही की हिच्याकडे डाय एकच आहे.

सायखेड्याला तुझ्या माहेरी फुलांचा मळा. तू सांगायचीस की हारासाठी शेवंती खुडली की देठ मोडलेली फुलं वेणीला जायची आणि सुट्या पाकळ्या परडीत, देवाला किंवा नवरा-नवरीवर टाकायला. टाकून द्यायचं असं काही नसायचंच. ती तुझी शाळा. कोंड्याचा मांडा करणं तुला कुणी शिकवावं लागलं नाही. पान कापून उरलेली कागदाची चौकट तू फेकू द्यायची नाहीस, तीच जाळी म्हणून वापरायचीस. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा पानांखाली आधाराला. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा अल्बमच्या कव्हराला. डाय बोथट झाला की पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद दोनतीनदा मशीनमधून काढायचा, धार येते. मला ते खरं वाटेना, म्हणून माझ्यासमोर करून दाखवलंस.

आणि शनिवारची ती रांग! कुणी बारशाची पाकिटं करणार, कुणी पोराचा प्रोजेक्ट, कुणी नवऱ्याच्या पन्नाशीचा अल्बम. प्रत्येकीनं मशीन घ्यायची गरजच काय, तू म्हणायचीस, कागद आणा आणि कापून न्या. गिरणीत दळण आणावं तशा बायका पत्रिका घेऊन तुझ्या पुढच्या खोलीत बसायच्या. आणि नियमही तुझे गिरणीचेच. "चमकीवाल्या शेवटी. नाहीतर पाट्यांना चमकी बसती, मग मागचीच्या पांढऱ्या कागदाला लागती." नंबरावरून भांडणं झाली तर तू ऐकून घ्यायची नाहीस. मी त्या बायकांना रंगसंगती शिकवायचे, तू त्यांना कागद पुरवायला शिकवायचीस. खरं सांगायचं तर त्या तुझ्यासाठी यायच्या. माझी रंगसंगती त्या चहाबरोबर खाऊन टाकायच्या.

आहेराच्या पाकिटांचा किस्सा आठवतो ना? शिवाजीनगरच्या त्या वहिनींनी मुलीच्या लग्नासाठी पाकिटं सांगितली होती. तू प्रत्येकावर पत्रिकेच्या कागदाचं फूल लावलंस, मधोमध चिकटवून पाकळ्या वर उचललेल्या, जिवंत दिसाव्यात म्हणून. मी बजावलं होतं, पाकळ्या उचलू नकोस, मागचं छापील दिसेल. तू कुठली ऐकतेस? वहिनींच्या सासूबाईंनी चष्मा लावून पाकीट बघितलं आणि एका पाकळीच्या पाठीवर त्यांना दिसलं, "कृपया आहेर आणू नये." आहेराच्याच पाकिटावर! त्या माउली फणफणत तुझ्या दारात आल्या. तू पाकीट हातात घेतलंस, वाचलंस, आणि शांतपणे म्हणालीस, "बरंय की आजी. देणाऱ्याला वाईट वाटणार नाही, न देणाऱ्यालाही नाही." त्या हसल्या, म्हणून निभावलं. त्यानंतर तू पाठीला कोरा कागद डकवायला लागलीस. माझ्यामुळे नाही, आजींमुळे.

पत्रिकेवरचा गणपती मात्र तू कधी डायखाली घातला नाहीस. कात्रीनं अलगद कापून सगळे गणपती मिठाईच्या डब्यात ठेवायचीस. डबा भरला की गोदावरीत सोडायचा असं तुझं म्हणणं, नदीत कागद टाकायचा नाही असं माझं. डबा भरला, दुसरा भरला, आपलं काही ठरलं नाही. ते डबे आता गौरीनं माझ्या घरी आणून ठेवलेत. गणपती माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. यातून वाट तू सांगून जायला हवी होतीस.

पण आपलं खरं भांडण फोटोखालच्या कागदाचं. तेही अर्धंच राहिलं. अल्बमच्या पानावर फोटोमागे एक रंगीत कागद लावायचा, चारी बाजूंनी बोटभर दिसेल असा. तू तो लावायच्या आधी फोटोखाली झाकला जाणारा मधला भाग कापून घ्यायचीस आणि त्याचीच फुलं-पानं करून त्याच पानाच्या कोपऱ्यात लावायचीस. रंग जुळायचा आपोआप, आणि एका ताव कागदात दोन तावांचं काम. मला ते पटत नव्हतं, अजून पटत नाही. मी म्हणायचे, कुंदा, फोटोला भक्कम पाठ हवी. आत पोकळी ठेवून वर शोभा करणं ही फसवणूक आहे. तू म्हणायचीस, "आणि येवल्याच्या साडीचं काय? निऱ्यांच्या आत खोचतात तिथं बुट्टी असती का? सगळी जर पदराला. विणणारा फसवतो व्हय?" रात्रभर विचार करून सकाळी मी उत्तर घेऊन यायचे, तोवर तू दुसऱ्याच विषयावर गेलेली असायचीस. माझ्याकडे अशी बरीच उत्तरं साठलीत.

तर, गौरी. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. माघार घ्यायला नाही. फोटो तर निवडायलाच हवे होते. ती जुने अल्बम घेऊन बसली. चार-पाच फोटो बाजूला काढल्यावर मान वर न करता म्हणाली, "चौथीत माझ्या वाढदिवसाची आमंत्रणं आईनं पत्रिकांची केली होती. वर्गातल्या एकीनं उलटून वाचलं. चिरंजीव अमुकतमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अमुकतमुक. सगळ्या वर्गानं मला नवरी नवरी म्हणून चिडवलं. मी घरी येऊन आईला काहीच सांगितलं नाही."

हे तू मला कधी बोलली नाहीस, म्हणजे तुलाही माहीत नसणार. कुंदा, मला त्या चौथीतल्या पोरीचं वाईट वाटलं. आदल्या दिवशी तिच्याशी ज्या सुरात बोलले तो सूर गिळला. पण मत नाही बदललं. ती तुला चांगलं काही देऊ बघत होती, मीही तेच बघत होते. एवढंच की चांगलं कशाला म्हणायचं यावर आमचा मेळ बसत नव्हता.

तिच्या पहिल्या वाढदिवसाचा तुझा फोटो तिला हवा होता, तो तू कितीतरी वर्षांनी, मशीन आल्यावर, तिच्या लहानपणाच्या अल्बमात चिकटवलेला. हिरवी साडी, कडेवर गौरी, गौरीच्या तोंडाला केक. फोटोची दुसरी प्रत नाही. मी पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून दिली आणि गौरीनं हलक्या हातानं कडा सोडवल्या. फोटो निघाला. खाली काय दिसणार हे मला ठाऊकच होतं. मधला कागद नव्हता. पानांच्या आकाराची भोकं होती, एकाला एक लागून, मध्ये काडीएवढीही जागा न सोडता. आणि आजूबाजूला लावलेली सगळी फुलं त्याच कागदाची.

गौरीनं कडेचा कागद बोटांत धरला. "ही पत्रिका नाहीये, मावशी."

"नाहीच आहे. हातकागद आहे तो. मेन रोडच्या दुकानातून आणलेला, एकच ताव. मी तिच्याबरोबर होते. दुकानदार दोन घ्या म्हणत होता."

तिनं पुढचं पान उलटलं, मग त्यापुढचं. सगळीकडे तोच आबोली कागद, कुठे कडेला, कुठे फुलांत, कुठे नुसता एका पानापुरता. तिच्या एका वर्षाच्या वाढीला तू एक ताव पुरवला होतास. तुझा नियम ती पहिल्यांदाच ऐकत होती, म्हणून मी सांगितला: भारी एकच घ्यायचं, बाकी घरचं, आणि भारीतला कण वाया घालवायचा नाही. भारी काय घ्यायचं हे ज्याच्यासाठी करतो त्याच्यावर. तिला म्हटलं, "तुझ्या आईनं कोरं घेतलं नाही म्हणतेस, तुझ्यासाठी घेतलं होतं." मग आम्ही दोघी रडलो. मी मोकळेपणानं रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. गौरी आधी नाक ओढत होती, मग तीही मोकळी झाली.

त्यानंतर तिनं खोका उघडला. चमकीची अक्षरं बाजूला केली, तयार फुलं बाजूला केली. परदेशी कागदाच्या गठ्ठ्यातून एकच ताव काढला, तुझ्या हिरव्या साडीच्या जवळचा. "हा माझ्याकडून आईला. बाकी ट्रंकेतलं." एवढा समझोता मला मान्य होता. मी तिला मशीनपाशी बसवलं. पहिल्यांदा तिनं डाय उलटा ठेवला, मग पाटी उलटी, मग दांडा चुकीच्या बाजूला फिरवला. तुझी मुलगी हुशार आहे, पण हात अजून कीबोर्डाचे आहेत. मी आठवडाभर तिच्या बोकांडी बसले. कागदाच्या कडेपासून कापायला सुरुवात कर, मध्यापासून नाही. मध्ये तेलकट बटरपेपर घाल म्हणजे नाजूक पान चिकटणार नाही. पाट्या आलटून पालटून वापर, नाहीतर एकाच जागी खाचा पडतील. तिनं तीन फुलं बिघडवली, चौथं जमलं. बिघडलेल्या तिन्हींच्या पाकळ्या सुट्या करून तिनं पानाच्या तळाशी पसरून लावल्या. हे मी सांगितलं नव्हतं.

पहिल्या पानावर तुझा मोठा फोटो. इथे मात्र मी ठाम होते. हा कागद अखंड राहील, तुझ्या पाठीशी पोकळी नको. मी मोजायला पट्टी आणायला घरी गेले, परत येईपर्यंत गौरीनं फोटोची कड पेन्सिलीनं आखून आतल्या भागातून पानं कापूनसुद्धा टाकली होती. वर मलाच ऐकवलं, "झाकलं जाणार तिथे कागद कशाला, मावशी?" मी तिला माझं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि गोंद लावला. एका घरातल्या दोन पिढ्यांशी मी हेच भांडण हरणार असं दिसतंय, पण मुद्दा माझाच बरोबर आहे.

शनिवारचा वर्ग मी बंद केलेला नाही. तुझ्या पुढच्या खोलीऐवजी माझ्याकडे बसतात आता. चमकीवाल्या शेवटी.

काल संध्याकाळी अल्बम पुरा झाला. विनायकराव बाल्कनीत बसले होते. तू गेल्यापासून ते टीव्हीही लावत नाहीत, फार तर रस्ता बघतात. गौरीनं अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. मी दारात. त्यांनी पहिलं पान बघितलं, बराच वेळ. मग एकेका कोपऱ्यावरून अंगठा फिरवत पुढे गेले, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तसा. अर्ध्यावर थांबले.

"हे हिनं कधी करून ठेवलं?"

गौरी खाली बसली, त्यांच्या गुडघ्यापाशी.

"आईनं नाही बाबा. मी केलंय."

"तू?" त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, फुलाची कड बघितली. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जरा तेज आलं. "तुला कुणी शिकवलं हे?"

"आईनं," गौरी म्हणाली.

आठवडाभर तिच्याशेजारी बसून कंबर मोडून घेतलेली मी दारात उभी होते. त्यांनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "हो, कुंदानंच."